खांब थोरल्याचे, छप्पर धाकट्याचं

शिरवण्याच्या आतल्या गल्लीत पत्ता सांगायचा तर इमारतीचं नाव सांगून भागत नाही. 'साईकृपा' तिथे पावलागणिक आहेत. म्हणून परवापरवापर्यंत सगळे एकच सांगायचे, "लाकडी कोठारापाशी या." जेवणाची पार्सलं पोचवणारे, गॅसवाला, मुलगी बघायला आलेले पाहुणे, सगळे तिथे येऊन थांबायचे आणि मान वर करून बघत राहायचे. चारी बाजूंना चार-पाच मजली घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली आणि मधोमध हे कौलारू प्रकरण जाड जाड खांबांवर निवांत उभं. कुणाला ते देऊळ वाटायचं, कुणाला शूटिंगचा सेट.

कोठारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले असायचे. पांढरा लेंगा, बनियन, कानावर अर्धी विझवलेली विडी. हे वामन घरत, गावात वामनशेट. त्यांना कुणी विचारलं, "आजोबा, हे काय आहे?" तर ते म्हणायचे, "खांब माजं हायेत. वरचा त्याला इचारा." आणि हनुवटीनं समोरचं घर दाखवायचे. समोरच्या घरात त्यांचा सख्खा धाकटा भाऊ मधुकर राहायचा, आणि त्याच्याशी वामनशेट तीसेक वर्षांत एक अक्षर बोलले नव्हते.

आता हे काय गौडबंगाल, ते पहिल्यापासूनच सांगायला हवं.

कोठार बांधलं वामनशेटच्या आजानं, ज्योतिबा घरतानं. तेव्हा गावाच्या वेशीपासून खाडीपर्यंत नुसती भातशेती होती. ऐनाचे ओंडके होडीच्या मागे बांधून खाडीतून आणले, भरतीच्या पाण्यावर जितके आत येतील तितके आणले, पुढे बैलांनी ओढले. सुताराला काम संपेपर्यंत घरीच जेवायला घातलं. तो सुतार मोठा हट्टी. खारी हवा लोखंड खाते म्हणून त्यानं खिळा आवारात येऊ दिला नाही. सगळे सांधे खाचा पाडून बसवले आणि प्रत्येक सांध्यातून आरपार एक लाकडी खुंटी ठोकली. खाली बैल, नांगर आणि शेणानं सारवलेल्या बांबूच्या कणग्यांमध्ये भात. वर माळ्यावर पेंढा. लहानपणी वामन त्या पेंढ्यात झोपायचा. शेजारी मधुकर झोपायचा आणि झोपेत लाथा झाडायचा.

मग नवं शहर आलं. शेतं गेली, बांध गेले, मिठागरं बुजली. वामनला रबाळ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली, मधुकरनं टेम्पो घेतला. बैल विकले तेव्हा त्यांची आई चूल न पेटवता बसून राहिली होती. गावातली बाकीची कोठारंही एकेक करून गेली. त्यांच्या जागी आधी भाड्याच्या खोल्या आल्या, मग इमारती. घरतांचं तेवढं टिकलं. जुन्याची फार कदर होती म्हणून टिकलं असं कुणी समजू नये. ते टिकलं भांडणामुळे.

नेरूळला रेल्वे आली त्या सुमारास त्यांचा बाप वारला आणि दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. पंच म्हणून बाजीराव पाटील बसले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि त्यांना ते माहीतही होतं. घरं वाटली, भांडी वाटली. शेवटी कोठार उरलं. ते मधोमध कापता येईना, आणि एकाला द्यावं तर दुसरा तोंड फुगवणार. बाजीरावांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "खालची जमीन दोगांची. खांब थोरल्याचं. वरचा छप्पर धाकट्याचा. झाला, उठा आता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काय डोकं चालतं पाटलांचं, असं म्हणत चहा झाला.

महिना गेला नसेल. मधुकरला घरावर मजला चढवायचा होता. माझं छप्पर उतरवून नेतो, वासे कामाला येतील, असं तो म्हणाला. वामन म्हणाला, खुशाल ने. मधुकर शिडी लावून वर चढला, पहिल्या तुळईपाशी पोचला आणि खुंटीवर हातोडी घालणार तेवढ्यात वामन खालून म्हणाला, "ती खुटी खांबान हाय. खांब माजा हाय."

"ती तुलईन पन हाय," मधुकर वरून म्हणाला. "तुलई माजी हाय."

दोघांचंही खरं होतं. खुंटी खांबातून शिरत होती आणि तुळईतून बाहेर पडत होती. खुंटी काढल्याशिवाय छप्पर उतरत नव्हतं, छप्पर उतरल्याशिवाय खांब हलत नव्हता. पंचांनी सगळं वाटलं होतं, खुंट्या तेवढ्या वाटायच्या विसरले होते. बाजीरावांना पुन्हा बोलावलं. ते आले, वर बघत उभे राहिले, मान दुखायला लागली तसे घरी निघून गेले. पुढे ते वारले आणि निकाल कायमचा राहिला. त्या दिवशी शब्दानं शब्द वाढला, एकमेकांची लायकी काढून झाली, आणि दोघांनी बोलणं टाकलं.

इथवर यात नवल काही नाही. असे भाऊ कुठल्याही गावात चहाच्या टपरीवर पाठीला पाठ लावून बसलेले सापडतील. नवल आहे ते पुढं. वामनशेटचा राग वर्षभरातच निवला होता, पण ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नाही. बायकोला, गोजराबाईंनाही नाही.

झालं असं की एक बिल्डर आला. गळ्यात चेन, हातात मिठाईचा पुडा. वामनशेटनी त्याला बसवून खुंट्यांची सगळी कथा ऐकवली आणि म्हणाले, भाऊ तयार होत नाही. बिल्डर समोर मधुकरकडे गेला आणि थोड्या वेळानं डोकं धरून बाहेर आला. मिठाई वामनशेटकडेच राहिली. ती खाता खाता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. भांडण आहे तोवर कोठाराला कुणी हात लावू शकत नाही. गोडी झाली की कुणीही दोघांच्या सह्या घेऊन मोकळा होईल. आणि मधुकर? त्याला तर ते पहिल्या दिवसापासून उतरवायचंच होतं.

वामनशेटना कोठार हवं होतं. आपण कधी काळी पिकवून खाणारी माणसं होतो हे दाखवायला शिरवण्यात आता दुसरं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून येऊन त्या खांबाला पाठ टेकली की त्यांना बरं वाटायचं, एवढं साधं होतं ते. त्यासाठी भाऊ गेला तर गेला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि भांडणाला खतपाणी घालत राहिले.

आणि भांडण मोठं झोकात चाललं. वामनशेट कारखान्यातून काळं तेल आणायचे आणि वाळवी लागू नये म्हणून खांबांना चोपडायचे. फक्त खांबांना, तुळईला शिंतोडासुद्धा उडू द्यायचे नाहीत. मे महिना आला की मधुकर वर चढायचा आणि कौलं परतायचा, फुटकी बदलायचा. तो वर असला की वामनशेट खाली थांबायचे नाहीत. गणपती मंडळाला सजावटीचं सामान ठेवायचं असलं की पोरं आधी वामनशेटकडे जाऊन जागा मागायची आणि मग मधुकरशेटकडे जाऊन सावली मागायची. दोघंही द्यायचे. घरच्या बायकांनी तर हे भांडण कधी मनावरच घेतलं नाही. गोजराबाई आणि मधुकरची पुतळा यांच्या मोऱ्यांच्या खिडक्या बाजूच्या बोळात समोरासमोर होत्या, एक खाली, एक वर. त्या खिडक्यांतून खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण दोरीच्या टोपलीतून इकडून तिकडे जायचं आणि वाटी रिकामी परत येत नसे. वामनशेट ते कालवण ओळखायचे, मुकाट्यानं भुरकायचे आणि मीठ जास्त झालंय म्हणायचे.

एकदाच त्यांचं चुकलं. निदान त्यांना तरी ते एकदाच वाटलं. मुलाच्या, कुंदनच्या हळदीचा दिवस होता. गल्लीत मांडव, दणदणीत डीजे, पातेल्यांत मटण. अशा हळदीला सख्खा काका नसला तर लोक बोलतात. संध्याकाळी मधुकर नवीकोरी पांढरी पँट-शर्ट घालून मांडवाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. कुणी 'आत ये' म्हणायचीच खोटी. एक शब्द पुरला असता. पण मांडवात कोपऱ्यातच दोन बिल्डर जेवत बसलेले त्यांना दिसले, आणि ते मधुकरला ऐकू जाईल अशा आवाजात भलत्याच कुणाला म्हणाले, "आदी खुट्या कोनाच्या ते ठरू दे. मंग बगू."

मधुकर मागच्या मागे वळून गेला. वामनशेटनी त्या हळदीचं मटण खाल्लं नाही. गोजराबाई त्यांच्याशी आठवडाभर नीट बोलल्या नाहीत.

अशी वर्षं गेली. वामनशेट रिटायर झाले, मधुकरनं टेम्पो विकला, दोघांचे केस गेले. सीवूड्सला मोठा मॉल झाला. कुंदन आणि मधुकरची मुलगी नमिता दोघं तिथे एकत्र जाऊन पिझ्झा खायचे आणि घरी येऊन काही सांगायचे नाहीत. कोठार होतं तिथंच होतं.

गेल्या मे महिन्यात मधुकर नेहमीसारखा वर चढला. वय साठीच्या बरंच पुढं, पाय पहिल्यासारखे राहिलेले नाहीत. वामनशेट आपल्या खुर्चीत होते. नेहमी ते उठून जायचे, त्या दिवशी ऊन होतं म्हणून आळस केला आणि सावलीत बसून राहिले. वर कौल खणकलं, मग चार-पाच कौलं एकदम सरकल्याचा आवाज आला, आणि मधुकर वाशांमधून खाली आला. मधल्या खांबाला मिठी मारत, घसरत, शेवटी मंडळाच्या पडद्यांच्या गाठोड्यावर आदळला. गाठोडं होतं म्हणून वाचला.

वामनशेट खुर्ची पाडून धावले. "हलू नको," ते म्हणाले. तीस वर्षांतला हा त्यांचा पहिला शब्द.

मधुकर वेदनेनं पांढराफटक पडला होता. तरी तो म्हणाला, "तुजा खांब धरूनच उतारलो मी. खरचटला नाय ना, बग जरा."

वामनशेटना त्याही स्थितीत त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. नेरूळच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी पुतळा घरी जेवायला गेली आणि वामनशेट पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. पंख्याबद्दल थोडं बोलून झालं. मग वामनशेटनी विचारलं, "कशाला चढलास या वयान?"

"नाय चढलो तं पानी गलतं," मधुकर म्हणाला. "पानी गलला तं तुजं खांब कुजतील."

"कुजतील तं कुजतील. तुला तं ता पाडायचाच होता."

"पयल्या वरसाला होता. घरावर मजला चढवाचा होता तवा." मधुकर छताकडे बघत होता. "मंग तो बिल्डर आला. मिठाई घेऊनशी. त्याला मी बोललो, माजा दादूस खुट्या देत नाय. तो गेला निंगून. मना वाटला, बेस झाला. भांडान हाय तवर कोठार हाय. म्हून मी तसाच ठेवला."

वामनशेटना आधी हसू आलं. इतकं आलं की शेजारच्या पलंगावरच्या पेशंटनं वळून बघितलं. मग ते हसू कधी फिरलं ते त्यांना कळलं नाही, लेंग्याच्या खिशात रुमाल सापडेना.

"कुंदनचे हलदीला आल्तास तू," ते शेवटी म्हणाले.

"आल्तो. तू खुट्यांचा काडलास," मधुकर म्हणाला. "वाईट वाटला. आनि बरा पन वाटला, कोठार वाचला म्हून."

दोन्ही भाऊ एकाच कोठारासाठी एकमेकांना सोडून बसले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की ते फक्त आपल्यालाच हवंय. एकदा विचारलं असतं तर संपलं होतं. पण वाटणी झालेल्या भावाला असं कोण विचारतं?

गोडी झाल्याची बातमी गावात अर्ध्या दिवसात फिरली आणि वामनशेटना जी भीती होती तेच झालं. कुंदन आणि नमिता दोघं मिळून दवाखान्यात दोघा भावांसमोर बसले आणि सांगू लागले. दोन्ही घरं जुनी झालीत, पावसाळ्यात भिंती झिरपतात. दोन्ही घरं आणि कोठाराची जागा एकत्र केली तर नीट इमारत होते, लिफ्ट बसते. वामनशेट म्हणाले नाही, पलंगावरून मधुकर म्हणाला नाही, आणि दोघांनी एका सुरात नाही म्हणायची ही पहिलीच वेळ असल्यानं त्यांना त्याची फार गंमत वाटली. पोरांनी विषय सोडला. आता दोघं मिळून नाही म्हणत होते तर कुणाची टाप नव्हती. वामनशेट त्या दिवशी खांबाला पाठ टेकून बसले तेव्हा त्यांना वाटलं, भाऊही मिळाला आणि कोठारही राहिलं. आणखी काय पाहिजे माणसाला?

पण मधुकरला घरी आणलं. त्याचं राहतं घर पहिल्या मजल्यावर, खाली किराण्याचं दुकान. जिना अंगणातल्या शिडीइतका उभा. चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून वर नेलं. पंधरा दिवसांनी टाके दाखवायला पुन्हा चौघांनी खाली आणलं. मधल्या वळणावर खुर्ची कलंडली, मधुकरनं डोळे घट्ट मिटले आणि कठडा धरला. वामनशेट खाली उभे राहून बघत होते. तेल लावता लावता म्हातारे झालेले त्यांचे स्वतःचे गुडघेही तो जिना चढायला तयार नव्हते. भाऊ वर, आपण खाली. त्याला आपल्याकडे ठेवावं तर वामनशेटच्या खोल्यांत कुंदनचा संसारच जेमतेम मावत होता. गोडी होऊन महिना होत आला आणि दोघं जेमतेम तीनदा एकत्र बसले होते.

डॉक्टरकडून परत आल्यावर वामनशेट एकेक पायरी धरून वर गेले. बराच वेळ धापा टाकत बसले. मग म्हणाले, "पाडून टाकू."

"काय?"

"कोठार. पोरांना सांगतो. लिफ्ट होऊ दे."

मधुकर उठून बसायला गेला आणि कळ येऊन तसाच आडवा झाला. "येडा झालास काय, दादूस. मी काय मरत नाय इथं. खिडकीतना दिसतं मना कोठार."

"तुला कोठार दिसतं," वामनशेट म्हणाले. "मना तू दिसत नाय."

मधुकरनं बरीच हुज्जत घातली. छप्पर माझं आहे, मी देत नाही, असंही एकदा म्हणून बघितलं. वामनशेटनी त्याला पुरतं बोलू दिलं आणि घरी येऊन कुंदनला हाक मारली. ते सांगत असताना कुंदननं खाली मान घातली.

दोन्ही कुटुंबांना सीवूड्सला भाड्यानं घरं मिळाली. एकाच मजल्यावर, दारासमोर दार. गोजराबाई आणि पुतळा यांना आता खिडकीची गरज उरली नाही. शिरवण्याचं सामान हलवून झालं आणि कोठार उतरवायचा दिवस आला.

गल्लीत जेसीबी शिरेना, म्हणून माणसांनीच उतरवायचं ठरलं. सहा-सात मजूर दोर घेऊन आले. कुंदननं गाडीतून दोघा भावांना आणलं आणि समोरच्या दुकानाच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसवलं. मधुकर वॉकर घेऊन, वामनशेट नुसते. आधी कौलं उतरली. ती चांगली निघाली, एकही फुटकं नव्हतं. मग मजुरांनी खुंट्यांना हातोड्या घातल्या, पण इतकी वर्षं मुरलेलं लाकूड ते, हलेना. मुकादमानं करवत मागवली आणि कापून काढल्या. तुकडे टोपलीत टाकले. कुणाच्या म्हणून कुणी विचारलं नाही.

गावातले बरेच जण बघायला जमले होते. कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं. जुन्या लाकडाचा व्यापारी खांबांवर बोट आपटून बघत होता आणि असं लाकूड आता मिळत नाही म्हणत होता. वामनशेट एकटक समोर बघत होते.

"वाईट वाटतं, दादूस?" मधुकरनं विचारलं.

समोर वासे एकेक करून खाली येत होते आणि आत, जिथं कधी ऊन पडलं नव्हतं, तिथं पहिल्यांदाच ऊन पडत होतं.

"कोठाराचा नाय वाटत," वामनशेट म्हणाले. "ता कवातरी जायाचाच होता. पन एवडी वरसं ता ठेवला आपुन, मी माजे परीनं, तू तुजे परीनं, आनि त्याच्यान आपुन दोगं एक दीस पन मिलून बसलो नाय. त्याचा वाटतं."

मधुकरनं वॉकर बाजूला सरकवला, वामनशेटच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि शेवटचा खांब आडवा होईपर्यंत तो तिथून काढला नाही.